खालच्या खोलीवरचं मीटर

रविवारी मिसळीच्या प्लेटा उचलल्या गेल्या आणि बापूराव डिंबळ्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची ओढत नेऊन पार्किंगच्या मधोमध ठेवली, तेव्हा आता भांडायला हरकत नाही हे सगळ्यांना कळलं. या घरात रिकाम्या पोटी कुणी भांडत नाही. धायरीतले पत्रे जाऊन स्लॅब आले, कांद्याची शेतं जाऊन सोसायट्या आल्या, पण ही एक चांगली सवय डिंबळ्यांनी सोडलेली नाही.

भांडण मीटरचं होतं.

धाकट्या साईनाथनं दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी आणली होती. पांढरी, मोठी आणि अजिबात आवाज न करणारी. डिंबळ्यांच्या घरात आवाज न करणारं काहीतरी आलं, याचंच गल्लीला आधी नवल वाटलं. नारळ फुटला, पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवलं, सगळं यथासांग झालं. फक्त ती घरी चार्ज होईल का, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. चार्जर बसवायला आलेल्या वायरमननं घराचा जुना बोर्ड उघडून पाहिला, परत लावला, इथं हे जोडलं तर गाडीच्या आधी घर पेटेल असं सांगितलं आणि चहासुद्धा न घेता गेला. तेव्हापासून चार्जर खोक्यात होतं आणि साईनाथ सिंहगड रोडवरच्या चार्जिंग स्टेशनवर. गाडी लावायची, आत बसून मोबाईल बघायचा आणि घरी येऊन ट्रॅफिकला शिव्या द्यायच्या, असं त्याचं चाललं होतं. थोरला संभाजी रोज संध्याकाळी स्वतःच्या डिझेलच्या गाडीवर हात ठेवून त्याला विचारायचा, "काय, पाजून आणली का म्हैस?"

तेवढ्यात वीज कंपनीनं योजना काढली. घरी गाडी चार्ज करणाऱ्यांना वेगळं मीटर, त्याचा दर कमी, आणि दुपारी ऊन असताना चार्ज केली तर आणखी कमी. साईनाथच्या बायकोनं, तेजस्विनीनं, फोनवरच अर्ज भरायला घेतला. ती आयटी कंपनीत होती, माणसं नेमायच्या खात्यात. फॉर्म म्हटलं की तिचा अंगठा आपोआप चालायचा. ग्राहकाचं नाव म्हणून तिनं नवऱ्याचं नाव टाकलं आणि जेवताना ते मोठ्यानं वाचून दाखवायची चूक केली. संभाजीनं हातातली भाकरी ताटात ठेवली. त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

कारण मीटर म्हणजे काय, हे डिंबळ्यांना चांगलं ठाऊक होतं. बापूरावांची बारमाही विहीर त्यांच्या चुलतभावानं, शंभूआण्णानं, एका मीटरवर गिळली होती. मोटर बसवतो, पाणी दोघांना होईल, असं गोड बोलून त्यानं मीटर स्वतःच्या नावावर घेतलं आणि पुढं कोर्टात वर्षानुवर्षांची लाईटबिलं काढून दाखवली. विहीर गेली, भोवतालची जमीन गेली, आणि आता तिथं शंभूआण्णाच्या पोरांचं मंगल कार्यालय आहे. त्या कार्यालयातल्या लग्नाला बापूराव जात नाहीत, मग नवरी सख्खी भाची असली तरी. विहीर जायला दुसरीही कारणं असणार. बापूराव तारखांना जायचे नाहीत आणि वकीलही त्यांच्याच तालमीतला होता. पण घरात पोराबाळांना शिकवण मिळाली ती एकच, की मीटर ज्याच्या नावावर, जागा त्याच्या घशात.

आणि हे नवं मीटर बसणार होतं ते पार्किंगच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर. तिथंच जागा होती, तिथूनच वायर येत होती. नेमकी तीच खोली. गोठा होता तेव्हा तिच्यात पेंड असायची. घर बांधलं तेव्हा भाडेकरू ठेवू म्हणून तिला मोठी खिडकी, फरशी, संडास-बाथरूम सगळं केलं. मग भाडं कुणी घ्यायचं यावर दोघा भावांचं काही जमेना. म्हणून दाराला दोन कुलपं लागली, वरचं संभाजीचं आणि खालचं साईनाथचं, आणि आत उंदीर राहायला आले. त्यांच्याकडं मात्र कुणी भाडं मागितलं नाही.

संभाजीची बायको विजयमाला जिन्याच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. घरातल्या सगळ्या मोठ्या भांडणांना ती याच पायरीवर काहीतरी सोलत, निवडत बसलेली असायची. त्यामुळं तिला सगळं ऐकू यायचं आणि तिला कुणी काही विचारायचं नाही. दोन्हीची तिला सवय झाली होती.

ती खोली तिनं दोन वर्षांपूर्वी मागितली होती, आईसाठी.

मालनबाई हडपसरला एकटी राहायची. नवरा गेला, मुलगा नव्हताच, ही एकच लेक. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि जीभ मात्र शाबूत. विजयमालानं सासऱ्यांना, नवऱ्याला, दिराला, सगळ्यांना विचारून पाहिलं की ती रिकामी खोली आईला द्याल का. साईनाथ म्हणाला, दादाची सासू आत बसली म्हणजे दादाचाच कब्जा झाला. संभाजी म्हणाला, साई चिडेल. सासूबाई विमलाबाई म्हणाल्या, विहीण आपल्या दारात बसलेली लोकांना कशी दिसेल. बापूरावांनी बातम्यांचा आवाज वाढवला. पुढं मालनबाईच्या कानावर हे गेलं, तेव्हा तिनं फोनवर लेकीलाच झापलं. जावयाच्या दारात येऊन मरायला मी काय वाट चुकलेय का, म्हणाली.

मग विजयमालानं वापरलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि स्वतःच रोज हडपसरला जाऊ लागली. स्कूटर म्हातारी होती. पूर्ण चार्ज झाली तरच हडपसर आणि परत, नाहीतर मध्येच मान टाकायची. चार्जिंगसाठी पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली वायर सोडलेली असायची आणि ती वायर म्हणजे सगळ्या घराची धर्मशाळा. मिक्सर लावायचाय, काढा तिची. इस्त्री करायचीय, काढा तिची. बापूरावांना पाय शेकायचेत, काढा. काढणाऱ्याला परत लावायची आठवण राहील तर तो डिंबळे कसला.

पावसाळ्यात एकदा अशीच कुणीतरी काढली आणि ती फातिमानगरला बंद पडली. गाडी टायरवाल्याकडं टाकून, बस बदलून ती पोचली आणि आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा मालनबाई न्हाणीघरात पडलेली होती. हाड मोडलं नव्हतं. पण भिंतीला पाठ लावून, ओल्या लुगड्यात, कुणाला हाक मारली तर दार फोडावं लागेल म्हणून ती गप्प बसून राहिली होती. लेकीला बघून म्हणाली, "उशीर झाला का गं?" त्या दिवशी विजयमालानं घरी येऊन सगळ्यांना जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि मोरीवर उभी राहून रडली. रागानं रडली. घरात एवढे पंखे, एवढे दिवे, टीव्ही, गीझर, आणि तिच्या एका स्कूटरला पोटभर वीज मिळत नव्हती.

तर असा हा रविवार. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस जागा पाहायला येणार होता आणि त्याच्या आत अर्जावर नाव हवं होतं. मीटरही एकच मिळणार होतं. त्या खांबावरून सध्या दुसरं देता येणार नाही, असं कंपनीनं आधीच कळवलं होतं.

साईनाथचं म्हणणं, गाडी माझी, मीटर माझं. त्यावर संभाजीनं विचारलं की मग विहिरीवर मोटर कुणाची होती. संभाजीचं म्हणणं, थोरला मी, नाव माझं, तू खुशाल चार्ज कर. साईनाथ हसला आणि म्हणाला, शंभूआण्णा पण हेच म्हणाला होता. विमलाबाईंनी आपलं नाव सुचवलं. त्याला दोघांनी एकाच वेळी नको म्हटलं. संभाजीनं अशासाठी की आई ते पुढं धाकट्याला देईल, आणि साईनाथनं अशासाठी की आई घाबरून थोरल्याला देईल. विमलाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण पोरांनी पाहिलं नाही म्हणून परत काढला.

"आबा, मग तुमच्याच नावावर करू," तेजस्विनी म्हणाली. "सिंपल आहे."

"माझ्या नावावर नगं," बापूराव म्हणाले. "मी गेलो की तेराव्याला तुम्ही मीटर भिंतीतनं उपटून अर्धं-अर्धं कराल."

यावर कुणी अहो असं काय बोलता वगैरे म्हणालं नाही, कारण सगळ्यांना ते शक्य वाटलं.

तेजस्विनीचं स्वतःचं नाव निघालं, तेव्हा संभाजीनं नुसतं आकाशाकडं पाहिलं. मग तिनं दोघांच्या नावानं जॉइंट करता येईल का बघूया म्हटलं. डिंबळ्यांच्या घरात जॉइंट काय काय होतं, याची उजळणी झाली. जॉइंट ट्रॅक्टर कुठं आहे, जॉइंट बोअरचं काय झालं, जॉइंट खोलीला कुलपं किती. तिनं फोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

मग बापूरावांची नजर फिरत फिरत जिन्यावर आली.

"थोरलीच्या नावावर करा," ते म्हणाले.

लसणाची पाकळी विजयमालाच्या बोटांतून निसटली. पहिल्यांदा तिला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

"वहिनीच्या?" साईनाथ म्हणाला.

"व्हय. तिला मीटरमधलं काय कळतंय? ती कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"ती कुणाला काय करतीय," विमलाबाईंनीही मान डोलावली.

आणि चमत्कार असा, की कुणी नाही म्हणेना. संभाजीच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. बायकोचं ते आपलंच, बाहेरून वेगळं दिसतं एवढंच. ते साईनाथला कसं कळत नाही याचा त्याला मनातून आनंद होत होता. इकडं साईनाथही खूश. विजयमाला लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. त्याचे डबे तिनं भरले, त्याच्या नापास झालेल्या प्रगतिपुस्तकावर तिनं बापूरावांची सही केली, तेजस्विनीचं प्रकरण आधी तिलाच माहीत होतं. दादापेक्षा वहिनी आपली, हे त्याला पक्कं होतं. एकाला वाटलं बायको आपली, दुसऱ्याला वाटलं वहिनी आपली. विजयमाला स्वतः कुणाची, हा प्रश्न काही त्या सभेपुढं आला नाही.

तिलाही कुणी विचारलं नाही. तिनं खाली वाकून ती पाकळी उचलली, फुंकून ताटलीत टाकली. अध्यात ना मध्यात. तीस वर्षं या घराचं खरकटं काढून मिळालेलं हे प्रमाणपत्र. तिला राग यायला हवा होता आणि आलाही, पण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. तिची नजर त्या दोन कुलपांवर गेली आणि तिथंच राहिली.

तेजस्विनीनं जुनं नाव खोडून नवं भरलं. पुढं म्हणाली, "ताई, तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असेल. सांगता?"

विजयमालानं पदराला हात पुसले. फोन कंबरेच्या पिशवीत होता. या घरात येऊन तिला स्वयंपाकाखेरीज कुणी कशाचं काही विचारलं नव्हतं, आणि आता सगळी डिंबळ्यांची फौज तिच्या तोंडाकडं बघत थांबली होती. तिनं चष्मा शोधला, तो लावला, काच पुसून परत लावला. साईनाथ चुळबुळला, वेळ संपेल म्हणाला. संपू दे, दुसरा येईल, म्हणाली ती, आणि मग एकेक आकडा सावकाश सांगितला. तेजस्विनीनं फोनवरून डोळे उचलून तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

कंपनीचा माणूस आला, जागा पाहून गेला. दिवाळी झाली आणि मीटर बसायचा दिवस उजाडला. वायर खोलीतून आणावी लागणार होती, म्हणून दोन्ही कुलपं उघडायची होती. दोघं भाऊ किल्ल्या घेऊन समोरासमोर उभे राहिले. आधी तू, नाही आधी तू, असं करत शेवटी एकाच वेळी उघडली. दार ढकललं तसे उंदीर बाहेर पडले आणि विमलाबाई पाय वर घेऊन खुर्चीवर चढल्या.

काम होईपर्यंत विजयमालानं खोली झाडली. झाडायचीच होती, वायरमन धुळीनं शिंकत होता, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. झाडून झाल्यावर तिनं फरशी पुसली. खिडकीच्या काचा पुसल्या. नळ उघडून पाहिला, आधी लाल पाणी आलं, मग बरं आलं. संभाजी बाहेर पेंटरला उभा करून मीटरखाली नाव लिहून घेत होता, 'विजयमाला संभाजी डिंबळे', आणि 'संभाजी' जरा ठळक काढ म्हणून त्याच्या मागं लागला होता. चार्जर भिंतीवर बसलं, त्याखाली साधा प्लगही आला, एका वेळी दोन्हीतलं एकच चालणारा, दोन्हीभोवती लोखंडी पेटी आली, पेटीला किल्ली आली. वायरमननं विचारलं, ग्राहक कोण, इथं सही करा. तिनं सही केली आणि किल्ली तिच्या हातात पडली.

मंडळी चहाला वर गेली. त्यांना चहा देऊन विजयमाला परत खाली आली तेव्हा तिच्या हातात बाजारातून आधीच आणून ठेवलेलं नवं कुलूप होतं.

संध्याकाळी साईनाथ मोठ्या थाटात गाडी चार्ज करायला उतरला आणि वर न येता तिथूनच ओरडला. बघता बघता सगळे पार्किंगमध्ये जमले. खोलीच्या दाराला एकच कुलूप होतं. भावांची दोन्ही जुनी कुलपं गंज पुसून कट्ट्यावर नीट मांडून ठेवलेली होती. चार्जरच्या पेटीलाही कुलूप होतं, आणि पेटीतून बाहेर येणारी वायर तिच्या स्कूटरला लागलेली होती.

"वहिनी, हे काय?"

"खोली," विजयमाला म्हणाली. "माझ्या आईला आणतेय मी."

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग समजलं, आणि सगळे एकदम बोलायला लागले. विमलाबाई म्हणाल्या, तिनं हे मनात धरलं होतं म्हणजे, एवढ्या दिवसांत तोंडातून चकार शब्द नाही. संभाजी तिच्या कानाशी येऊन पुटपुटला की निदान मला तरी आधी सांगायचं. ती म्हणाली, दोन वर्षं तुम्हालाच सांगत होते. साईनाथचा चेहरा लाल झाला होता. पण तो शिकलेला होता, त्यानं आवाज खाली ठेवला.

"मीटरवरून जागा कुणाची होत नसते, वहिनी. लीगली त्याला झीरो अर्थ आहे. मी विचारलंय वकिलाला."

"कधी विचारलंत भावजी?"

"मागच्या महिन्यात, अर्ज भरला तेव्हाच."

"मग त्या रविवारी दोघं काय करत होता?"

तेजस्विनीला ठसका लागला. कशाचा लागला कोण जाणे, कारण ती काही खात नव्हती.

विजयमालानं पदर कंबरेला खोचला. काय बोलायचं ते तिनं स्कूटरवर येता-जाता शंभर वेळा ठरवलं होतं. ते आता बोलली.

"मला कायदा कळत नाही. मीटरवरून जागा ठरत असली, तर खोली माझी झाली. ठरत नसली, तर माझी आई तिथं राहिल्यानं ती यांच्या घशात जात नाही. मग अडवता कशावरून? दोन्हीतलं एक सांगा मला. आत्ता सांगा. तुम्हाला गाडी चार्ज करायचीय."

संभाजीनं साईनाथकडं पाहिलं, साईनाथनं संभाजीकडं पाहिलं. कित्येक महिन्यांत दोघा भावांचं असं एकमत झालं नव्हतं. मग दोघांनी मिळून बापाकडं पाहिलं.

बापूराव खुर्चीत बसले होते. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मीटरनं काही होत नसतं, एवढं म्हणाले असते की संपलं. पण मीटरनं काही होत नसेल, तर विहीर कशानं गेली? मग ते तारखांना गेले नाहीत म्हणून गेली. मग शंभूआण्णा चोर नाही, आणि त्या कार्यालयातली सगळी लग्नं त्यांनी उगाच चुकवली. विजयमाला त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होती. विहिरीवरून त्यांना असं कोंडीत धरायचं तिनं ठरवलेलं नव्हतं, तिला ते आत्ता दिसलं, आणि तिला म्हाताऱ्याची दया आली. तरी ती बाजूला झाली नाही.

बापूरावांनी खाकरून घसा साफ केला.

"मीटर तिचं हाय," ते म्हणाले. "खोली तिची."

"आबा!"

"आबा काय आबा. नाव लिवलंय का न्हाय भिंतीवर? कुणी लिवून घेतलं?"

संभाजीनं ते ठळक नाव पाठीनं झाकलं.

"मी ताईंच्या बाजूनं आहे," तेजस्विनी म्हणाली, "कुणी विचारलं नाही तरी सांगते." मग नवऱ्याकडं वळून, "आणि मालनमावशींना आणायला तूच जा. मोठी गाडी तुझ्याकडेच आहे."

साईनाथ म्हणाला, गाडीत चार्ज नाही. विजयमालानं कंबरेची किल्ली काढली, पेटी उघडली, स्कूटरची वायर सोडली आणि चार्जरची वायर त्याच्या गाडीला लावून दिली. खटकन आवाज झाला आणि हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी मान वाकवून तो दिवा पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन असताना, ते मालनबाईला घेऊन आले. चार दिवसांसाठी चल, असं सांगून लेकीनं तिला गाडीत घातलं होतं. पण मागच्या सीटवर गादी, स्टोव्ह, देव आणि पितळी डबे बघून म्हातारीला वाटेतच संशय आला होता. पार्किंगमध्ये गाडी थांबली तशी ती दाराला धरून बसली. उतरेचना.

"मला परत सोड. जावयाच्या दारात मी राहायची नाय. तुझा बाप वर बसून काय म्हणेल?"

"बापाचं नंतर बघू. आई, त्या भिंतीवर बघ. वाच काय लिहिलंय."

मालनबाईनं डोळे बारीक केले. मोतीबिंदूतून लाल रंग दिसला, मग अक्षरं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली होती आणि तो अभिमान तिनं कधी सोडला नव्हता.

"वि-ज-य-मा-ला."

"हां. ती मी. हे दार माझं आहे."

"पुढं काय लिवलंय ठळक?"

"पुढचं नको वाचू."

मालनबाई तरी हलेना. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. बापूराव स्वतः खाली येत होते, डोक्याला टोपी घालून, म्हणजे औपचारिक काम होतं. मागं विमलाबाई, तोंड वाकडं आणि हातात नवीन चादर. बापूराव गाडीपासून चार हात लांब उभे राहिले, व्याह्यानं उभं राहावं तसे.

"उतरा, विहीणबाई. ह्या जागेचं आमी काय बोलू शकत न्हाय. मीटर सुनेचं हाय."

मालनबाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि एक पाय बाहेर काढला. साईनाथनं एका बाजूनं धरलं, विजयमालानं दुसऱ्या. आत जाऊन म्हातारीनं खोली पाहिली, खिडकी पाहिली, नळ सोडून पाहिला, न्हाणीघराच्या भिंतीला लेकीनं सकाळीच बसवून घेतलेल्या स्टीलच्या दांडीला हात लावून पाहिला. तो हात तिथंच राहिला आणि तिचे डोळे भरून आले. विजयमालानं बाहेर जायचं निमित्त शोधलं.

बाहेर येऊन तिनं सवयीनं पेटी उघडली, साईनाथची वायर काढली आणि स्कूटरची लावली. आता कुणी काढणार नव्हतं.

"विजू," आतून आवाज आला. म्हातारी कॉटवर बसून खिडकीतून बघत होती. "ती कशाला लावलीस? आता मी इथंच हाय. जायचंय कुठं तुला?"

विजयमाला थांबली. वायर तिच्या हातात होती. आजवर ती गाडी एकाच ठिकाणी गेली होती आणि त्या ठिकाणाहून परत आली होती. दुसरं कुठं जायचं, हे तिला खरंच सुचेना. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं.

"तू सांग ना, कुठं जायचं."

मालनबाईनं विचार केला. या वेळी गुडघे दुखतायत असंही म्हणाली नाही.

"चार्ज होऊ दे पुरी," ती म्हणाली. "मग दगडूशेठला ने मला. आणि येताना त्या मंगल कार्यालयावरनं आण. बघू तरी कसली विहीर होती ती."